सोमवारचं जेवण

मासे, अंडी, दूध, दही, तूप सोडून, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीच न खाणारी 'वीगन' होऊन, मला येत्या श्रावणात तीन वर्षं होतील. बऱ्याच जणींनी इनबॉक्समध्ये विचारलं की वेंगुर्ल्यात राहून हे जमतं कसं आणि मुळात जेवावंसं वाटतं कसं. जमतं कसं ते दोन ओळीत सांगता येईल. जेवावंसं कसं वाटतं ते मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण तेच मला फार उशिरा कळलं.

आधी सोडलं का, ते सांगते. आमच्या वाड्यात गाय व्याली आणि पाडा झाला तर पूर्वी घरात आनंद असायचा. दोन-तीन वर्षांत जोताला बैल तयार व्हायचा. मग गावात पॉवर टिलर आला आणि पाड्याचं काम संपलं. माझ्या माहेरी शेवटचा पाडा झाला तेव्हा मी बाळंतपणाला तिथेच होते. सकाळी पडवीत बसून मुलीला पाजत असायचे आणि समोर वाड्यात दूध काढणं चालायचं. गाईला पान्हा फुटावा म्हणून पाड्याला घटकाभर लावायचं आणि तोंडाला फेस असतानाच दावं ओढून खुंट्याला बांधायचं. तो मान ताणून हंबरायचा, गाय मागे वळून बघायची. हे मी जन्मापासून बघत आले होते. पण त्या दिवशी मांडीवर माझं स्वतःचं पिणारं मूल होतं. सहा महिन्यांत पाडा कुणाला तरी दिला. कुणाला दिला, पुढे त्याचं काय झालं, हे बाबांना विचारायला मला नऊ वर्षं लागली. बाबा काही बोलले नाहीत, नुसते अंगणात बघत राहिले. त्या आठवड्यात मी दूध सोडलं.

मासे त्याहून कठीण गेले. माझं बालपण रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायच्या जाळ्यावर, गेलंय. दोर ओढायला हात लावला की आम्हा पोरांनाही वाट्यातले दोन-चार मासे मिळायचे, फ्रॉकच्या ओच्यातून ते घरी आणायचे. ते दिवस मी टाकून दिलेले नाहीत. पण एलईडीचा उजेड टाकून आणि पर्ससीनचं भलंमोठं जाळं मारून जे उपसलं जातं त्यात केवढी कोवळी पिल्लं असतात, आणि रापणीवाल्याच्या जाळ्यात मागे काय उरतं, हे आपण किनाऱ्यावरचे लोक डोळ्यांनी बघतो. सरकार समुद्राला १ जून ते ३१ जुलै अशी दोन महिन्यांची विश्रांती देतं. माझ्या ताटापुरती मी ती बारा महिने करून टाकली. ज्याचं पोट होडीवर आहे त्याला मी कधी एक शब्द बोलले नाही, बोलणारही नाही. माझ्या घरात नवरा आणि सासरे मासे खातात, ते मी साफ करत नाही एवढंच.

आता जेवणाचं. पहिले सहा-सात महिने मी अत्यंत वाईट जेवले. सगळं ऑनलाइन मागवत होते. बदामाचं दूध, सोयाचं चीज, माशाच्या आकाराचं काहीतरी गोठवलेलं. चहात ते दूध फाटायचं. पैसे भरमसाट जायचे आणि प्रत्येक घासाला मन म्हणायचं, हे ते नव्हे. मी खऱ्याची नक्कल शोधत होते, आणि नक्कल कितीही चांगली असली तरी ती मूळ पदार्थाचीच आठवण काढून देते. त्या काळात मला कुणी विचारलं असतं तर मी तत्त्वासाठी सोसतेय असंच म्हणाले असते.

फाल्गुनातल्या एका सोमवारी शेजारच्या काकींनी जेवायला बोलावलं. मी संकोचले. म्हटलं, काकी, मी हे खात नाही, ते खात नाही, तुम्हाला उगाच त्रास. काकींनी पान वाढलं: ओल्या काजूची उसळ, तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, भात, सोलकढी, बाजूला आंब्याची फोड. मी एकेका पदार्थाकडे बघत मनात हिशेब करत होते आणि कशातच अडण्यासारखं काही सापडेना. काकी म्हणाल्या, "अगो, ह्यां तर आमच्या सोमवाराचां जेवाण. तू सातय दिवस सोमवार करतंस, इतक्याच मां?"

मला एवढं साधं कसं सुचलं नव्हतं, याचं आजही नवल वाटतं. आपल्याकडे सोमवार पाळणारी किती घरं आहेत! शिवाय कुणाचा गुरुवार, कुणाचा शनिवार, वर आख्खा श्रावण. म्हणजे मासे नसताना जेवण चविष्ट कसं करायचं याचा आपल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या विचार केलेला आहे. आणि दुधाची गाय कोकणात कधी भरभरून दूध देणारी नव्हतीच. आमच्याकडे पिशवीतलं दूध आजही घाटावरून येतं. आपलं दूध नारळाचं. वीगन हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली तयार झाला, पण काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळी त्या शब्दाची वाट बघत थांबली नव्हती.

गोडाचंही तेच. आपल्या पक्वान्नात खवा कुठे आहे? शिरवाळे घ्या, तांदळाच्या उकडीचे, साच्यातून पाडलेले, गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसात बुडवलेले. हळदीच्या पानातले पातोळे घ्या. तवशाचं, म्हणजे मोठ्या काकडीचं, धोंडस घ्या, जत्रेतलं आल्या-गुळाचं खाजं घ्या. बहुतेक सगळं तांदूळ, नारळ, गूळ. मोदकावर मी तुपाऐवजी दाट रस घेते, आणि खरं सांगते, आता मला तोच जास्त आवडतो.

काकींकडे जेवले त्या दिवसापासून मी पुन्हा आडाळीवर, म्हणजे विळीवर, बसले. मिक्सर आल्यापासून नारळ खोवणं मागे पडलं होतं. पण ताजा खोवलेला चव, त्यात कोमट पाणी, फडक्यातून पिळलेला पहिला रस, याला कोणत्याही डब्यातल्या दुधाची सर नाही. पहिला दाट रस बाजूला ठेवायचा, दुसऱ्या-तिसऱ्या पातळ रसात भाजी शिजवायची आणि दाट रस अगदी शेवटी, आच बंद करता करता घालायचा. उकळी फुटली की रसही फुटतो. हे आईने मला हजारदा सांगितलं असेल, मी आता ऐकलं.

ओले काजू सोलायलाही आता बसते. कोयतीने हिरवी बी मधोमध चिरायची, काडीने गर उचकटून काढायचा. चीक लागला की कातडी सोलवटते, म्हणून आधी हाताला खोबरेल चोळायचं आणि मध्येमध्ये राखेत बोटं बुडवायची. मग गर गरम पाण्यात टाकून वरची साल काढायची. दोन तास जातात आणि हातात वाडगाभर गर येतात. पण त्या उसळीचा घास घेतल्यावर काहीतरी सोडलंय ही भावना मनाला शिवत नाही.

आणि तिरफळ! बांगड्याच्या कढीत मी जन्मभर ज्याला माशाची चव म्हणत होते, ती चव मोठ्या प्रमाणात तिरफळाची, आमसुलाची आणि ओल्या खोबऱ्याच्या वाटपाची आहे. मी तेच वाटप घेते, चार तिरफळं ठेचून टाकते आणि आत शेवग्याच्या शेंगा नाहीतर फणसाची कुयरी, म्हणजे कोवळा फणस, घालते. पावसात नीरफणस मिळाला की त्याचे बोटाच्या जाडीचे काप करायचे, हळद, तिखट, मीठ, कोकमाचं आगळ लावून अर्धा तास ठेवायचे आणि तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर सोडायचे. कडा लालसर कुरकुरीत, आत लोण्यासारखं मऊ. हे काप कशाचीही नक्कल करत नाहीत, म्हणूनच ते मनापासून खाता येतात.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे वाचा. वर्ष व्हायच्या आत माझ्या पायांना मुंग्या यायला लागल्या, जिना चढताना दम लागायचा. रक्त तपासलं तर बी-१२ अगदी तळाला. आधीपासूनच कमी असणार, आपल्याकडे बऱ्याच जणांचं असतं, पण मी ते आणखी खाली नेलं. इंजेक्शनं घ्यावी लागली. बी-१२ ना गाय बनवते ना मासा, ते जिवाणू बनवतात, आणि वनस्पतींमधून ते भरवशाने मिळत नाही. स्पिरुलिनाच्या गोळ्यांवरही विसंबू नका. सुरुवात करण्याआधी तपासणी करा आणि डॉक्टरांना विचारून बी-१२ ची गोळी पहिल्या दिवसापासून घ्या. परंपरेत सगळं आहे म्हणून गोळी नको, असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, मी ऐकलं होतं. कॅल्शियमची चिंता त्या मानाने कमी आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधात १२० च्या आसपास. सगळंच अंगी लागत नाही हे खरं, पण रोज नाचणीची भाकरी, वर तिळाची चटणी, कुळीथ नाहीतर वाटाणे, असं मी ठेवलंय. नारळही हात राखून घालते, त्यातली चरबी काही कमी नसते.

घरातलं विचाराल तर देवघरात मी वाद घातला नाही. चतुर्थीला आई नैवेद्याच्या पानावर तुपाची धार सोडते, पंचामृत करते. तीर्थ मी हात जोडून नाकारते, प्रसादाचं खोबरं घेते. पहिल्या वर्षी आई रडली. तिला वाटलं मी घरचं अन्न टाकलं. आता मी माहेरी जायची असले की ती आदल्या दिवशी फोन करते, "गो, वड्यांचा पीठ जास्त मळू काय? नि रस दाट काढू मां?"

आज रविवार. शेजारून बांगड्याच्या तिखल्याचा वास येतोय. तो वास मला अजून आवडतो, आणि त्यात मला काही चुकीचं वाटत नाही. उद्यासाठी काळे वाटाणे भिजत घातलेत.