कोरियन मुलांची ‘शून्य कल्पकता’ कुणी मोजली?

पालकांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक मजकूर फिरतो आहे. थोडक्यात असा: ‘कोरियन मुलांचा बुद्ध्यांक जन्मतःच १०६. त्यात रात्री उशिरापर्यंत क्लास आणि घोकंपट्टी, म्हणून गणितात पुढे. पण कल्पकता शून्य. आपली मुलं गुणांत मागे असतील, डोक्यानं मात्र स्वतंत्र.’ मी बी.एड.च्या वर्गांना शैक्षणिक मानसशास्त्र शिकवते. उद्या शाळेत उभ्या राहणाऱ्या माझ्याच विद्यार्थिनींनी हा मजकूर खरा मानून मला पाठवला, तेव्हा गप्प बसवेना. एकेक वाक्य घेते.

‘कल्पकता शून्य.’ सुरुवात इथूनच, कारण बाकीचा डोलारा याच वाक्यावर उभा आहे. ओईसीडी ही मुख्यतः विकसित देशांची संघटना वेगवेगळ्या देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांची पिसा चाचणी घेते. २०२२ च्या फेरीत तिनं पहिल्यांदाच सर्जनशील विचार मोजला आणि जून २०२४ मध्ये निकाल जाहीर केले. यातल्या प्रश्नांना ठरलेलं उत्तर नव्हतं. एका चित्राला एकमेकांहून निराळी शीर्षकं द्या. व्हीलचेअरवरच्या माणसाला ग्रंथालय नीट वापरता यावं म्हणून काय काय करता येईल ते सुचवा. इतर मुलांना सहसा न सुचलेली कल्पना मांडली तर तिचं मोल जास्त. ६० पैकी ओईसीडी देशांची सरासरी होती ३३. सिंगापूर ४१ वर पहिलं आणि त्याच्यामागे ३८ गुणांवर कोरिया व कॅनडा. फिनलंड, ज्याचं उदाहरण आपण प्रत्येक शिक्षक-मेळाव्यात देतो, ३६ वर. सर्जनशीलता एका चाचणीत मावते असं मी म्हणत नाही. पण ‘शून्य’ म्हणणाऱ्यानं या ३८ चं काय करायचं ते आधी सांगावं.

‘घोकंपट्टीमुळे पुढे.’ घोकलेलं कुठे उपयोगी पडतं? आधी पाहिलेल्या प्रश्नाला. पिसाच्या २०१२ च्या फेरीत संगणकावर समस्या सोडवण्याची वेगळी चाचणी होती. अनोळखी यंत्र समोर. माहिती सगळी दिलेली नाही. बटणं दाबून, निरीक्षण करून ते कसं चालतं ते स्वतःच शोधायचं. सिंगापूरला ५६२, कोरियाला ५६१, ओईसीडीची सरासरी ५००. त्याहून बोलकी गोष्ट पुढे आहे. गणित, वाचन आणि विज्ञानात तेवढेच गुण मिळवणाऱ्या इतर देशांतल्या मुलांपेक्षा कोरियन मुलांनी इथे जास्त चांगली कामगिरी केली. नवी माहिती शोधून तिचा अर्थ लावण्याच्या प्रश्नांत तर ती खास चमकली. निव्वळ पाठांतरावर जगणारी मुलं नेमकी इथेच अडखळली असती.

या वाक्यात खऱ्याचा एक धागा आहे, तो मी लपवणार नाही. मूळच्या कोरियन आणि अमेरिकेत काम केलेल्या मानसशास्त्रज्ञ क्युंग ही किम यांनी २००५ मध्येच लिहिलं होतं की वडीलधाऱ्यांपुढे मान तुकवायला लावणारी, प्राचीन चिनी विचारवंत कन्फ्यूशियसच्या शिकवणीतली शिस्त सर्जनशीलतेला मारक ठरते. सोल राष्ट्रीय विद्यापीठात अव्वल गुण मिळवणाऱ्यांच्या मुलाखती झाल्या, तेव्हा त्यांतले बहुतेक जण प्राध्यापकांचं बोलणं शब्दन् शब्द उतरवून घेतात असं दिसलं. ही टीका कोरियात कोरियन माणसांनीच केली आणि ती गंभीर आहे. पण ती नीट वाचा. रोख आहे गुण देण्याच्या पद्धतीवर आणि घरातल्या, वर्गातल्या दबावावर. मुलांना सुचत नाही असं त्यात कुठे आहे? मुलाला सुचणं वेगळं आणि सुचलेलं बोलायची त्याला मुभा असणं वेगळं. मजकूर लिहिणाऱ्यानं दुसऱ्याचा दोष पहिल्याच्या माथी मारला. याच किमबाईंनी २०११ मध्ये टोरन्स या सर्जनशीलता मोजणाऱ्या चाचणीच्या गुणांचा मोठा अभ्यास मांडला. १९९० नंतर सर्जनशीलतेचे गुण घसरताना दिसले ते अमेरिकन मुलांचे.

‘जन्मतः १०६.’ हा आकडा ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लिन यांच्या राष्ट्रवार बुद्ध्यांकाच्या याद्यांतून आला. नमुने कसे निवडले, कुठल्या काळातले, यावरून त्या याद्यांवर कडक टीका झालेली आहे. पण आकडा क्षणभर मान्य केला तरी ‘जन्मतः’ कुठून आलं? पिढ्यागणिक चाचणीचे गुण वाढत जातात, त्याला फ्लिन परिणाम म्हणतात, आणि दक्षिण कोरियात ही वाढ फार वेगानं झालेली नोंदली गेली आहे. एका पिढीत जनुकं बदलत नाहीत. बदललं ते जगणं. १९४५ मध्ये जपानी अंमल संपला तेव्हा तिथल्या साधारण पाचांतल्या चार माणसांना वाचता येत नव्हतं. त्याच लोकांची नातवंडं २०१२ आणि २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये पहिली आली.

मग या मुलांना पुढे काय नेतं? इन्हा विद्यापीठाचे पार्क यंग-शिन आणि किम उई-चोल यांनी कोरियन विद्यार्थी आणि पालकांना वर्षानुवर्षं हेच विचारलं. यश कशामुळे, यावर उपजत हुशारीपेक्षा मेहनत हे उत्तर ठळकपणे पुढे येतं. अपयश आलं तरी तेच: मी कमी पडलो. आणि त्याच्या तळाशी आईवडिलांविषयीची ऋणाची भावना. त्यांनी खस्ता खाल्ल्या, मी फेडलं पाहिजे. हे वाचताना मी थांबले होते. ‘तुझ्यासाठी आम्ही पोटाला चिमटा काढला’ हे वाक्य ज्या मराठी घरात बोललं गेलं नाही, असं घर मला तरी माहीत नाही.

पण या मेहनतीची किंमत भयंकर आहे. मजकूर त्याबद्दल अवाक्षर काढत नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. २०२४ मध्ये कोरियातली दहांतली आठ शाळकरी मुलं खासगी शिकवणीला जात होती आणि त्यावर वर्षाला २९ लाख कोटी वॉनहून अधिक खर्च झाला. तिथे या क्लासना हागवॉन म्हणतात. सोलमध्ये ते रात्री दहाला बंद करण्याचा नियम करावा लागला. २०१५ च्या पिसामध्ये ‘आयुष्यात किती समाधानी आहात’ या प्रश्नावर कोरियन मुलांनी दहापैकी सरासरी ६.३६ गुण दिले, ओईसीडीची सरासरी होती ७.३१. झोप, खेळ, गणिताची गोडी, हे सगळं तिथे पणाला लागतं. गणितज्ञ हो जुन-ई सोलमध्ये वाढले, कवी व्हायचं म्हणून हायस्कूल सोडलं, पुढे सोल राष्ट्रीय विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकताना गणिताकडे वळले आणि २०२२ मध्ये फील्ड्स पदक हा गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान मिळाला. एका माणसावरून मी काही सिद्ध करत नाही. पण त्यांना ती शाळा सोडावीशी वाटली, हे विसरता येत नाही.

राहिलं शेवटचं वाक्य, ‘आपली मुलं डोक्यानं स्वतंत्र’. भारतातून पिसाला २००९ च्या फेरीत फक्त हिमाचल प्रदेश आणि तमिळनाडूची मुलं बसली आणि दोन्ही राज्यं यादीच्या तळाशी राहिली. त्यानंतर २०२२ पर्यंतच्या एकाही फेरीत भारत नव्हता. सर्जनशील विचाराची ती चाचणी सातारच्या, नांदेडच्या किंवा दादरच्या एकाही शाळेत झालेली नाही. आपल्या मुलांना चित्राला किती शीर्षकं सुचतात, हे त्यांना अजून कुणी विचारलेलंच नाही.