साठ गोलांत एका गोलाची किंमत किती? परभणीच्या सरांना उत्तर

सर, नमस्कार. आशियाई नेटबॉल स्पर्धेवरच्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "साठ-साठ गोल होतात तिथं एका गोलाला काय किंमत? उंच पोरगी रिंगखाली उभी केली की संपलं. आणि शाळेत बास्केटबॉलचे पोल आहेतच, तेच वापरले तर बिघडतं कुठं?" टोला झणझणीत आहे. पण पहिलाच मुद्दा साफ उलटा आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर.

कबड्डी आपल्याकडं लेकरांनाही कळते, तिथूनच सुरुवात करू. गुण कुणीही घेवो, चढाई आळीपाळीनंच होते. नेटबॉलचा सेंटर पास, म्हणजे प्रत्येक गोलनंतर मैदानाच्या मधून खेळ सुरू करणारा पास, तसाच. गोल कुणीही करो, पुढचा पास ठरल्या पाळीनं. बास्केटबॉलमध्ये ज्याच्यावर बास्केट झाली त्याला चेंडू मिळतो, ती भरपाई इथं नाही. दोन्ही संघांनी आपापल्या प्रत्येक सेंटर पासवर गोल केला, तर तासभर खेळूनही बरोबरीच. आघाडी मिळते ती समोरच्याच्या पासवरचा चेंडू हिसकावून गोल केला तरच. त्या एका चेंडूनं त्यांचा एक गोल जातो, आपला एक वाढतो, फरक दोनाचा.

आता हा हिशेब लावून बघा. 2024 मध्ये बंगळूरुला झालेल्या आशियाई अंतिम सामन्यात सिंगापूर 67, श्रीलंका 64. बेरीज 131, प्रत्येकाच्या वाट्याला साडेपासष्ट. सिंगापूर त्याच्या वर किती? दीड! चार क्वार्टर, साठ मिनिटं आणि निव्वळ फरक दीड चेंडूचा. (क्वार्टर संपताना एखादा पास अर्धवट राहतो, तेवढं इकडंतिकडं धरा.) 2023 च्या केपटाऊन विश्वचषकात ऑस्ट्रेलियानं इंग्लंडला 61-45 हरवलं. वाटा 53 चा, म्हणजे ऑस्ट्रेलिया आठनं वर. एकतर्फी म्हणतात तो सामनासुद्धा क्वार्टरमागं दोन चेंडूंचा! 2019 ला लिव्हरपूलच्या विश्वचषकात न्यूझीलंडनं ऑस्ट्रेलियाला 52-51 हरवलं, तिथं तर पाळीनं कुणाला एक पास जास्त मिळाला एवढ्यावरही निकाल फिरू शकतो.

म्हणून पोरींच्या सामन्याला गोल मोजू नका. वहीत दोनच रकाने आखा: आपल्या पासवर गेलेले चेंडू आणि त्यांच्या पासवर आपण मिळवलेले. गेलेल्यापुढं कारण लिहा. नवख्या संघाचे बरेचसे चेंडू पहिल्या दोन पासांतच जातात. विंग अटॅक (चेंडू पुढं नेणारी खेळाडू) शिट्टीआधीच मधल्या भागात शिरते, नाहीतर सेंटर (मधून पास देणारी खेळाडू) तीन सेकंदांच्या पुढं चेंडू धरून बसते. बास्केटबॉल खेळलेल्या पोरींचं दुखणं आणखी वेगळं: चेंडू घेऊन ज्या पायावर उतरल्या तो उचलला तर चालतो, पण चेंडू हातातून सुटायच्या आत तोच पाय पुन्हा टेकला की फूटवर्कची चूक. ड्रिबलिंगची, म्हणजे चेंडू आपटत पळायची, सवय असलेल्या पायाला हे लवकर पटत नाही.

उंचीचं म्हणाल, तर श्रीलंकेची थर्जिनी शिवलिंगम जवळजवळ 2.08 मीटर उंच. 2019 च्या विश्वचषकात सर्वांत जास्त गोल तिचे, पण श्रीलंका 16 संघांत 15 वी. गोल शूटर, म्हणजे रिंगखाली उभी राहून गोल करणारी खेळाडू, मैदानाचा आपला शेवटचा तृतीयांश भाग सोडू शकत नाही. चेंडू तिथवर आणायचं काम सेंटर आणि विंग अटॅकचं. तो वाटेतच गेला तर उंची नुसती उभी राहते.

आता पोल. उंची दोन्हीकडं 3.05 मीटरच, तेवढं तुमचं खरं. पण बास्केटबॉलची रिंग 45 सेंटिमीटरची, नेटबॉलची 38 ची. चेंडू सुमारे 22 चा, म्हणजे मोकळी जागा 23 वरून 16 वर येते. त्यात मागं बोर्ड. बोर्डावर आपटून टाकायची सवय लागली की स्पर्धेत तोच चेंडू रिंगवरून थेट मागं जातो. शिवाय बास्केटबॉलची रिंग मैदानाच्या आत लोंबते. नेटबॉलचा पोल गोलच्या रेषेच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या आडव्या रेषेच्या, मधोमध, रिंग त्याच्यापुढं फक्त 15 सेंटिमीटर.

वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या. 15 मिलिमीटर जाडीची सळई, जोडाला धरून सुमारे 124 सेंटिमीटर; वळवल्यावर आतला व्यास 38 भरला पाहिजे. मैदान 30.5 बाय 15.25 मीटर. फक्की मारण्याआधी दोन्ही कर्ण मोजा, 34.10 आले नाहीत तर कोपरा चुकलाय. लांबीचे तीन सारखे भाग पाडा. गोलच्या रेषेच्या मध्यावर खुंटी ठोकून 4.9 मीटरच्या दोरीनं अर्धवर्तुळ काढा.

काळ्या मातीत पोल नुसता पुरू नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पोल कलतो. खड्ड्यात मुरूम आणि काँक्रीट भरा, तरी पहिल्या पावसानंतर रिंगची उंची पुढून-मागून टेपनं पुन्हा मोजा.