एका भावाची सही नसली की भूसंपादन रद्द होतं का? नाही!

मिरज-कवठेमहांकाळकडच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की सामाईक जमिनीच्या मालकांतल्या एकानं जरी सही नाकारली तर हायवेचं संपादन आपोआप रद्द होतं. हे चुकीचंय, आणि यावर विसंबून लोक हरकतीची मुदत घालवतायत म्हणून लिहितोय.

सगळ्यांच्या सह्या लागतात त्या थेट खरेदीला, घोळ तिथंच झालाय. हायवेसाठीच्या सक्तीच्या संपादनाला संमती लागत नाही. राष्ट्रीय महामार्ग कायदा 1956 खाली कलम 3ए ची, म्हणजे जमीन घ्यायचा इरादा जाहीर करणारी, अधिसूचना आली की हरकतीला 21 दिवस, 2013 च्या भूसंपादन कायद्यात 60 दिवस. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या, आवकचा शिक्का अन् तारीख बघूनच ऑफिसातनं बाहेर पडा. प्रक्रियाच चुकली असेल, सुनावणीच दिली नसेल, तर एकटा सहहिस्सेदार पण हायकोर्टात जाऊ शकतो, आता आपल्याला कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे 18 ऑगस्ट 2025 पासून.

दुसरं, थोरल्यानं पैसे उचलले म्हणजे बाकीच्यांचा हिस्सा बुडाला असंही नाही. मोबदल्याच्या वाटपाचा वाद असेल तर महामार्ग कायद्याच्या कलम 3एच(4) प्रमाणं प्रांतानं तो स्वतः न मिटवता जिल्हा कोर्टाकडं पाठवायचा असतो, सुप्रीम कोर्टानं 2023 ला विनोद कुमार केसमधे हेच सांगितलंय. वडिलोपार्जित जमीन असेल तर सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बहिणींनी पण अर्ज द्यावा, वारस नोंद राहिली म्हणून हक्क जात नाही. फक्त पैसे वाटायच्या आधी द्या, नंतर वसुलीचा दावा लय वर्षं चालतो.