नुसत्या याद्या नका हो कोंबू पोरांच्या डोक्यात!

परदेशात पुढच्या शिक्षणासाठी देतात त्या जीआरई परीक्षेतून विरुद्धार्थी शब्द आणि अ‍ॅनालॉजीचे (शब्दजोडीतलं नातं ओळखायचे) प्रश्न २०११ च्या ऑगस्टमध्येच गेले. आता वाक्यातल्या रिकाम्या जागा भरायच्या असतात, म्हणजे वाक्याचा रोख कळावा लागतो. तरी क्लासवाले इंग्रजी शब्दांची तीच जाडजूड यादी पोरांच्या गळ्यात मारतात! अ‍ॅस्ट्यूट, श्रूड, कनिंग, तिन्हींपुढे अर्थ एकच: 'चतुर'. अहो, पहिल्यात कौतुक आहे, तिसऱ्यात चक्क कावेबाजपणा! परवा भाचीने एसओपीमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या अर्जासोबतच्या निवेदनात, आपल्या गाइड सरांना सरळ 'कनिंग' म्हणून टाकलं होतं. तिचा काय दोष? रात्र रात्र जागून घोकलंय पोरीने. एवढी भरमसाट फी घेता ना? मग प्रत्येक शब्दामागे निदान दोन धड वाक्यं तरी द्या!