गिरणीत जेवू घालता, तर गिरणीही दाखवा

आज बाबांनी स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्क या जुन्या गिरणीगावातल्या जेवणाचे छायाचित्र घरच्या ग्रुपवर टाकले आणि एका नातेवाइकाने लगेच लिहिले, "इतक्या लांब जाऊन गिरणीच पाहिली? आपल्या परळच्या गिरण्यांत याहून झकास हॉटेले आहेत." तेव्हापासून डोके तापले आहे.

ग्लासगोहून गाडीने तासाभरावर, क्लाइड नदीच्या घळईत हे गाव आहे. डेव्हिड डेल यांनी 1785 च्या सुमारास पाण्यावर चालणाऱ्या सूतगिरण्या इथे उभारायला घेतल्या; 1800 पासून त्यांचे जावई रॉबर्ट ओवेन यांनी कारभार पाहिला, दहा वर्षांखालील मुलांना कामावर घेणे थांबवले आणि त्यांच्यासाठी शाळा काढली. 1968 मध्ये गिरणी बंद पडली, घरे मोडकळीस आली, पण ती पाडून टाकण्याऐवजी एकेक इमारत सावरली गेली. 2001 पासून ते जागतिक वारसास्थळ आहे, आणि कामगारांच्या जुन्या इमारतींत आजही माणसे राहतात. गिरणी क्रमांक एकमध्ये आता हॉटेल आहे. तिथेच आम्ही जेवलो.

बाबा लालबागला गिरणीत त्रासन खात्यात, म्हणजे सूत कातण्याच्या विभागात होते. 1982 च्या संपात गेलेली नोकरी त्यांना परत मिळाली नाही. सूप समोर आले तसे त्यांनी वाढणाऱ्या मुलीला मला विचारायला लावले, "इथे कोणते खाते होते?" ती जराही गोंधळली नाही. इथे सूत कातले जात असे, असे सांगून तिने आम्हाला खिडकीपाशी नेले, चाके फिरवणाऱ्या पाण्याचा पाट कुठून येतो ते दाखवले आणि कामगाराची जुनी खोली पाहिल्याशिवाय जाऊ नका, असे बजावले. बाबांचे सूप निवून गेले, तरी त्यांचे प्रश्न संपेनात.

हाच प्रश्न त्यांनी भाच्याच्या वाढदिवसाला परळच्या एका हॉटेलात विचारला होता. विटांची भिंत आणि लोखंडी खांब शोभेला राखलेले, मेनूकार्डावर चिमणी छापलेली. व्यवस्थापक म्हणाला, "काका, ते काही माहीत नाही. स्टार्टर काय आणू?" त्या मुलावर माझा राग नाही, बारा-बारा तास उभ्याने राबणारा तोही कामगारच. राग आहे तो ज्यांनी चिमणी छापली, पण जिच्या धुराखाली अडीच लाख माणसे संपावर गेली त्या गिरणगावाविषयी दारावर एक ओळ लिहिली नाही, त्यांच्यावर.

न्यू लॅनार्कही धुतल्या तांदळासारखे नाही, हे मान्य. डेल यांच्या काळात अनाथ मुले तिथे राबली आणि कापूस गुलामांच्या हातचा होता. मुंबईत जमिनीचा भाव वेगळा आहे, हेही मान्य. काळाचौकीला महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचे काम हाती घेतले आहे, त्याचा आनंदच आहे. पण ज्या दालनात आपण हजारांचे बिल भरतो, तिथे पूर्वी कोणते खाते होते हे सांगायला किती जमीन लागते?

बाबांना न्यू लॅनार्कच्या हॉटेलात पहिल्यांदाच कोणीतरी नीट उत्तर दिले, तेही परक्या देशात, याचे मला फार वाईट वाटते आहे.

ग्लासगोला येणार असाल तर न्यू लॅनार्कला जरूर जा. आधी कामगाराची खोली पाहा, लोकरीचे सूत कातणारे जुने यंत्र चालताना पाहा, धबधब्यापर्यंत चालून या आणि मग जेवा. आणि परळला जेवायला गेलात की वाढणाऱ्याला नव्हे, मालकाला बोलावून बाबांचा प्रश्न विचारा.