"पोऱ्यानं नाव नको टाकू" म्हणे!

आज माझ्या मेडिकल दुकानात एका बापाशी वाजलं. गिऱ्हाईक जुनं, माणूस चांगला, म्हणूनच जास्त लागलं. पोराची चिठ्ठी घेऊन आला होता, मानसोपचार डॉक्टरांची, त्यात अल्प्राझोलाम, म्हणजे घबराट-अस्वस्थतेवरची, झोप आणणारी गोळी. मी रजिस्टर उघडलं तर म्हणतो, "भाऊ, पोऱ्यानं नाव नको टाकू, मनं टाक. त्यानी भरती शे." म्हणजे पोराचं नाव नको, माझं टाक, त्याची फौजेची भरती आहे.

ही गोळी शेड्यूल एच वनमधली. मार्च २०१४ पासून अशा औषधांचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं: डॉक्टर कोण, पेशंट कोण, किती गोळ्या दिल्या. आणि ते ३ वर्षं सांभाळायचं. खोटं नाव टाकणार नाही म्हटल्यावर चिठ्ठी खिशात घालून निघून गेला. गोळी न घेता! आता पोरगं रात्रभर छताकडे बघणार आणि पहाटे ग्राउंडवर सोळाशे मीटर मारणार. शाब्बास. अहो, माझं रजिस्टर औषध निरीक्षक बघतो. फौजेचे डॉक्टर पारोळ्याला येऊन ते चाळत बसत नाहीत.

पण त्या बापाला मूर्ख तरी कसं म्हणू? माझ्या भाच्याचं काय झालं ते तुमच्यातल्या निम्म्यांना माहीत आहे.

दाजी हायवेवरच्या अपघातात गेले तेव्हा तो बारावीला होता. झोप उडाली, जेवण सुटलं. ताईने त्याला भगताकडे न नेता डॉक्टरकडे नेलं, याबद्दल तिचे पाय धरले पाहिजेत. काही महिने गोळ्या चालल्या, मग डॉक्टरांनीच हळूहळू बंद केल्या. हाच पोरगा पुढे सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत काढायला लागला. बीम, म्हणजे पुल-अप्स, दहाच्या दहा. फौजेच्या वैद्यकीय तपासणीत विचारलं, आधी काही औषधोपचार? भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीतल्या पोरांनी पढवून पाठवलं होतं, 'नाही' म्हणायचं. याने सांगितलं, हो, घेतल्या होत्या. बाद. फेरतपासणीतही बाद. ताई म्हणते, डॉक्टरांचं पत्र कुणी उघडूनसुद्धा बघितलं नाही.

आणि त्याच्याच बॅचची काही पोरं गुडघे दुखतात म्हणून चिठ्ठीशिवाय पेनकिलर खाऊन पळाली होती. त्यांना कोण विचारणार? चिठ्ठीच नाही!

एनडीएच्या, म्हणजे फौजेतल्या अधिकारी भरतीच्या, जाहिरातीसोबत जे वैद्यकीय निकष येतात ते मी वाचलेत. मानसिक आजार होऊन गेला असेल तर शक्यतो नाकारा, घरातल्यांचे आजार आणि उमेदवाराने पूर्वी घेतलेली औषधंही बघा, असं त्यात आहे. त्यातच आकडीबद्दल लिहिलंय. तान्हेपणी तापामुळे आलेली असेल आणि मेंदू-नसांत काही दोष दिसत नसेल तर ती फार धरू नका, ५ वर्षांनंतरची असेल तर बाद. म्हणजे आकडी कोणत्या वयात आली हे बघून सोडता येतं. मग बाप गेल्यावर पोराची झोप उडाली, एवढी साधी गोष्ट का समजून घेता येत नाही?

हो, मान्य आहे. सियाचीनला मेडिकल दुकान नसतं, हातात भरलेली रायफल असते. चाळणी हवीच.

पण चाळणी कसली, इथे तर खरं बोलणारा तेवढा खाली पडतो! अमेरिकेच्या फौजेतही नियम कडक आहेत. वयाची १३ वर्षं झाल्यावर दमा राहिला असेल तर नापास, आणि २०२२ पासून भरतीच्या डॉक्टरांना पोरांच्या जुन्या चिठ्ठ्या थेट संगणकावर दिसायला लागल्यात. पण तिथे वेव्हर नावाची सोय आहे. कागद दाखवा, औषधाशिवाय किती काळ ठणठणीत आहात ते सांगा, मग तो माणूस बघून ठरवतात. आपल्याकडे उद्या आभा कार्डावर, म्हणजे सरकारच्या डिजिटल आरोग्य खात्यावर, सगळ्या चिठ्ठ्या चढल्या तर काय होईल, याचा विचार करून ठेवा. वेव्हर येण्याआधी पोरं डॉक्टरकडे जायचीच बंद होतील. माझ्या काउंटरवर तर झालीच आहेत. दम्याचा पंप आईच्या नावाने, अर्धशिशीची गोळी काकाच्या नावाने. सतरा-अठरा वर्षांची पोरं हो. आपल्या खान्देशात शेतीचं हे असं, कंपन्या बोटावर मोजण्याइतक्या, त्यांनी भरतीकडे बघायचं नाही तर कुठे बघायचं? चार वर्षांची का होईना, अग्निवीर तर अग्निवीर. राग त्यांच्यावर नाहीच माझा.

तुमच्यातले माजी सैनिक आता लिहिणार, फौजेत कमजोर माणूस चालत नाही. लिहा. फक्त माझा भाचा एकदा ग्राउंडवर बघून या आणि मग लिहा.

तो आता पोलीस भरतीचं बघतोय. तिथेही मेडिकल आहेच. काल ताईचा फोन आला, "आता विचारलं तर काय सांगायचं रे?" मी काही बोलायच्या आत मागून भाच्याचा आवाज आला, "मामाला काय विचारते, जे झालं ते सांगणार!" घ्या.