स्पिरुलिनाचा अख्खा डबा आणि तीन अंडी

"१ किलो स्पिरुलिना म्हणजे १००० किलो भाजीपाला." हा फॉरवर्ड तुमच्याकडेही येऊन गेला असेल. वर नासाचं नाव, मध्ये हिरव्यागार गोळ्यांचा फोटो, खाली कुणाचा तरी मोबाईल नंबर. माझं मेडिकलचं दुकान आहे, त्यामुळे काउंटरवर मोबाईल पुढे करून "ताई, हे खरं का हो?" असं विचारणारं कुणी ना कुणी सतत असतं. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी तो हजार किलोचा हिशेब. १०० ग्रॅम पालकात साधारण २ ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, म्हणजे हजार किलो पालकात वीस किलोंच्या वर. एक किलो स्पिरुलिनात जास्तीत जास्त सहा-सातशे ग्रॅम. लोहाचंही तेच. हजार किलो पालकात सत्तावीस-अठ्ठावीस ग्रॅम, एक किलो स्पिरुलिनात पाव ग्रॅमच्या जरा वर. थाप मारायची तर निदान दुपटी-तिपटीची मारावी, ही प्रथिनांत तीसेक पट आणि लोहात तर सरळ शंभरपटीच्या आसपास जाते. आणि नासाचं म्हणाल, तर तिथे १९८०च्या दशकात यावर अभ्यास झाला हे खरं आहे. पण तो लांबच्या अंतराळप्रवासात बंद टाकीत, थोड्या जागेत, खाण्याजोगं काय वाढवता येईल यासाठी होता. आपल्या सासूबाईंच्या गुडघेदुखीशी त्याचा काही संबंध नाही.

आता गंमत अशी की, ही वस्तू मुळात भंपक नाही. मला राग गोळीचा आहे, शेवाळाचा नाही.

स्पिरुलिना म्हणजे नील-हरित शेवाळ. शास्त्राप्रमाणे ते शेवाळही नव्हे, सूर्यप्रकाशावर जगणारा जिवाणू आहे. खारट आणि अल्कधर्मी पाण्यात, जिथे बाकी फारसं काही टिकत नाही, तिथे तो मजेत वाढतो. आपल्या बुलढाण्याच्या लोणार सरोवरात तो नैसर्गिकरीत्या आहे. लोणारचं पाणी हिरवं दिसतं त्याला मोठं कारण हाच. (२०२०च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं ते मात्र वेगळ्या, मिठात रमणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. पुण्याच्या आघारकर संस्थेनं ते शोधून काढलं. त्या वेळी जगबुडी आल्याचे फॉरवर्डही याच ग्रुपांवर फिरत होते.)

आणि माणसं हे शेकडो वर्षं खात आलीत. आज जिथे मेक्सिको सिटी आहे, तिथल्या टेश्कोको तलावावरून आझ्टेक लोक बारीक जाळ्यांनी हा हिरवा थर काढायचे, वाळवून त्याच्या वड्या बाजारात विकायचे. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात हे बघून लिहून ठेवलंय. आफ्रिकेत चाड सरोवराच्या काठी कानेम्बू बायका आजही हे करतात. पाण्यावरची साय गोळा करायची, वाळूत ओतून पाणी जिरवायचं, उन्हात वाळवून तुकडे करायचे. त्याला तिथे 'दिहे' म्हणतात. ते कालवणात घालून बाजरीसारख्या धान्याच्या घट्ट शिजवलेल्या गोळ्याबरोबर खातात. १९७०च्या दशकात तिथे पाहणी झाली तेव्हा माणशी एका जेवणात ९ ते १३ ग्रॅम दिहे जात असल्याचं दिसलं. जेवणात घालायची वस्तू आहे ती, आपल्या पिठल्यातल्या बेसनासारखी.

आता आपल्याकडच्या डब्याकडे या. ५०० मिलिग्रॅमची गोळी, दिवसाला दोन. म्हणजे एक ग्रॅम. त्यातलं प्रथिन अर्ध्या ग्रॅमच्या जरा वर. लोह साधारण ०.३ मिलिग्रॅम. साठ गोळ्यांचा अख्खा डबा रिकामा केला, तर पोटात गेली ३० ग्रॅम पावडर आणि १८ ग्रॅम प्रथिनं. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. म्हणजे महिन्याचा डबा बरोबर तीन अंडी. अंडं चालत नसेल तर मूठ-दोन मुठी शेंगदाणे. डब्याची किंमत तुम्हाला माहीत आहे, शेंगदाण्यांचीही.

लोहाचा हिशेब तर मला चीडच आणतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. निम्म्याहून जास्त! म्हणून तर "रक्त वाढवणारं शेवाळ" इतकं खपतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२०च्या शिफारशीप्रमाणे बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं. दोन गोळ्यांतून त्याचा एक टक्का मिळतो. आशाताई फुकट देतात त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम असतं. तेवढं लोह स्पिरुलिनातून घ्यायचं तर चारशेवर गोळ्या, म्हणजे सात डबे, एका दिवसात. पण लाल गोळीनं मळमळतं, शी काळी होते, आणि फुकट मिळते म्हणून तिला किंमत नाही. ती फडताळात पडून राहते आणि बचत गटातल्या मैत्रिणीकडून डबा येतो. मळमळत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्या, चहा तासभर लांब ठेवा, तरी जमलं नाही तर डॉक्टरांकडून बदलून घ्या. पण बंद करू नका हो.

इथवरचं नुकसान पैशांचं आहे. खरी भीती मला बी-१२ जीवनसत्त्वाची वाटते.

शाकाहारी घरांत स्पिरुलिना 'नैसर्गिक बी-१२' म्हणून विकतात, आणि काही डब्यांवर तसा आकडाही छापलेला असतो. हा आकडा येतो कुठून? जुन्या पद्धतीत बी-१२ मोजायला एक जिवाणू वापरत, तो किती वाढतो त्यावरून अंदाज बांधत. पण स्पिरुलिनात बी-१२ म्हणून जे मोजलं जातं त्यातला बहुतेक भाग म्हणजे बी-१२ सारखा दिसणारा, पण माणसाच्या शरीराला न चालणारा रेणू असतो. जिवाणूला तो चालतो, म्हणून परीक्षेत मार्क मिळतात. आपलं पोट त्याला ओळख देत नाही. क्लोरेला नावाच्या दुसऱ्या हिरव्या शेवाळाच्या काही उत्पादनांत खरं बी-१२ सापडलंय, पण एका कंपनीत भरपूर तर दुसरीत जवळजवळ नाही. त्याच्या भरवशावर राहता येत नाही.

आणि हा प्रश्न आपल्याच अंगणातला आहे. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली होती, खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले. त्यातल्या ६७ टक्के लोकांत बी-१२ कमी निघालं, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांत. म्हणजे जो वर्ग हे डबे विकत घेतो, तोच. हातापायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो, विसरायला होतं, आणि माणूस "माझं शेवाळ चालू आहे, बी-१२ कमी असणं शक्य नाही" म्हणून तपासणीच करत नाही. नसांचं नुकसान फार दिवस रेंगाळलं तर सगळं भरून येत नाही. वर उपाय काय? साधी गोळी किंवा इंजेक्शन. त्या डब्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

मग स्पिरुलिनाचा काहीच फायदा नाही का? आहे, थोडा. लहान लहान चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब किंचित खाली आलेला दिसतो. पण चाचण्या छोट्या, थोड्या दिवसांच्या, आणि फरक इतका नाही की चालू गोळी बंद करावी. मला सगळ्यात लक्षवेधी वाटतो तो केरळमधला, १९९५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास. तंबाखूचं पान खाणाऱ्यांच्या तोंडात पांढरे चट्टे येतात, ज्यांचा पुढे कर्करोग होऊ शकतो. अशा लोकांना वर्षभर रोज एक ग्रॅम स्पिरुलिना दिली. ४४ पैकी २० जणांचे चट्टे पूर्ण गेले, न घेणाऱ्यांत ४३ पैकी फक्त तिघांचे. ऐकायला जबरदस्त. पण पुढचं कुणी फॉरवर्ड करत नाही. गोळी थांबवल्यावर वर्षाच्या आत त्या वीसपैकी नऊ जणांचे चट्टे परत आले. तोंडात डाग दिसला की दात-मुखाच्या डॉक्टरला दाखवा आणि तंबाखू, मिश्री, गुटखा सोडा. डबा घेऊन तंबाखू चालू ठेवणारे महाभाग मी पाहिलेत, म्हणून सांगते.

'नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही' हेही पूर्ण खरं नाही. तलावातून गोळा केलेल्या शेवाळात दुसरी विषारी जात मिसळू शकते. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या क्लॅमथ तलावाच्या शेवाळाची उत्पादनं तपासली, तर ८७ पैकी ८५ नमुन्यांत यकृताला घातक असलेलं मायक्रोसिस्टिन सापडलं, आणि ६३ नमुन्यांत ते राज्यानं ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त होतं. ते शेवाळ स्पिरुलिना नव्हे, वेगळ्या जातीचं, पण दुकानात 'नील-हरित शेवाळ' याच नावानं विकलं जातं. स्पिरुलिना नियंत्रित टाकीत वाढवलेली असेल तर धोका बराच कमी. म्हणून बॅच नंबर, परवाना क्रमांक नसलेली सुटी पावडर, 'आमच्या शेतातली आहे' म्हटलं तरी घेऊ नका. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर क्लोरेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, त्यातलं के जीवनसत्त्व औषधाच्या विरुद्ध काम करतं. ल्युपससारखे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असे, आजार असणाऱ्यांनीही आधी विचारा. थायरॉइडवाल्यांनो, समुद्री शेवाळाच्या, म्हणजे केल्पच्या, गोळ्यांपासून लांब राहा. आपल्याला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, ते आयोडीनयुक्त मिठातून मिळतं. केल्पमध्ये ते कधी थोडं, कधी बेसुमार. ऑस्ट्रेलियात २००९ साली सोया दुधात असंच शेवाळ घातल्यामुळे लोकांचे थायरॉइड बिघडले आणि ते दूध बाजारातून परत घ्यावं लागलं. (चायना ग्रासला घाबरू नका, तेही समुद्री शेवाळातूनच येतं, पण नुसता घट्ट करणारा तंतू आहे. खुशाल पुडिंग करा.)

शेवाळातलं एकच उत्पादन मी स्वतःहून सुचवते, आणि नेमकं त्याचीच जाहिरात कमी असते. शेवाळाचं डीएचए तेल. डीएचए म्हणजे ओमेगा-३ नावाच्या स्निग्ध पदार्थांतला एक प्रकार. ओमेगा-३ म्हटलं की आपण मासे म्हणतो, पण बांगडा किंवा तारली ते स्वतः फारसं बनवत नाहीत. समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळाकडून ते साखळीनं त्यांच्याकडे येतं. ते शेवाळ टाकीत वाढवून थेट तेल काढता येतं, लहान बाळांच्या डब्याच्या दुधात डीएचए घालतात ते बहुधा असंच. जवसाची चटणी चांगली आहे, जरूर खा, पण जवसातल्या ओमेगा-३ चं डीएचए करायला आपलं शरीर फार कंजूष आहे. २०१८ साली ७० चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा गरोदरपणात ओमेगा-३ घेणाऱ्या बायकांत वेळेआधी बाळंत होण्याचं प्रमाण १३.४ वरून ११.९ टक्क्यांवर आलं होतं, आणि ३४ आठवड्यांच्या आतल्या बाळंतपणांचं ४.६ वरून २.७ वर. मासे न खाणाऱ्या गरोदर मुलीसाठी हे तेल डॉक्टरांशी बोलून घेण्यासारखं आहे. मालवण-रत्नागिरीकडच्या, आठवड्यातून दोनदा बांगडा खाणाऱ्यांना याची गरज नाही, त्यांनी पैसे बाजारातच खर्च करावेत.

घेताना एकच करा. कॅप्सूलच्या डब्यावर पुढे मोठ्या अक्षरात तेल किती ते लिहिलेलं असतं, मागे बारीक अक्षरात डीएचए किती ते. मागचा आकडा बघून घ्या. चष्मा विसरला असाल तर काउंटरवरच्याला वाचायला सांगा, आम्ही त्याचे पैसे घेत नाही.